ओलं प्लास्टर

कॉलेजात शिकवत होते त्या काळात माझी एक खोड होती. चुनकळीवर पाणी टाकलं की ती फसफसून तापते. हा प्रयोग लिहिताना एखाद्या मुलीने ‘हीट इज प्रोड्यूस्ड’ असं लिहिलं की मी त्या ओळीवर लाल शाईने फुली मारायचे. “प्रोड्यूस नहीं होती, निकलती है,” हे वाक्य मी वर्गात इतक्या वेळा म्हणे की मुली माझ्यामागे माझ्या मराठी वळणाच्या हिंदीची नक्कल करत. करोत बापड्या. मुद्दा खरा होता. चुनखडी भट्टीत भाजून तिची चुनकळी होते तेव्हा तिने जी उष्णता पोटात घेतलेली असते, त्यातलीच काही ती पाणी भेटल्यावर बाहेर टाकते. स्वतःच्या पदरचं ती काही देत नाही.

दुसरा प्रयोग नवसागराचा. पाण्यात नवसागर ढवळला की काचेचा बीकर गार पडतो. मुली तो गालाला लावून पाहत, आणि दर वर्षी कुणीतरी विचारीच, “मॅडम, ठंड कहाँ से आई?” ठंड कुठून येत नाही. तुझ्या गालातली ऊब त्या पाण्याने घेतली म्हणून तुला गार लागलं. काही अभिक्रिया उष्णता देतात, काही घेतात, आणि जी देते तिनेही आधी कुठून तरी घेतलेलीच असते. एवढंच मला त्यांच्या डोक्यात भरवायचं होतं. ते भरलं की नाही देव जाणे. मला मात्र सगळं तोंडपाठ होतं आणि घरी त्याचा काडीचाही उपयोग झाला नाही.

आम्ही मूळचे अकोल्याकडचे. नवरा केंद्र सरकारच्या नोकरीत, आणि त्याच्या बदलीपायी आम्ही सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला चंदीगडला आलो. सेक्टरातलं सरकारी क्वार्टर मिळालं, उघड्या विटांचं, मागे फरशीचं अंगण. मला मुलींच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकवण्याची नोकरी लागली. दुसऱ्या वर्षी, पावसाळा सरल्यावर, मुलगी झाली. नर्सने आधी तोंड दाखवलं आणि मग जरा थांबून दुपट्यातला डावा पाय बाहेर काढला. पाऊल आत वळलेलं होतं, इतकं की तळवा वर आला होता. मुलीकडे पाहून माझ्या तोंडून निघालेला पहिला शब्द “उलटं का?” असा होता. बाळंतिणीने बोलायचा शब्द नव्हे तो, पण तोच निघाला.

हॉस्पिटलातले हाडांचे डॉक्टर पुण्याकडचे निघाले. त्यांनी सगळं नीट समजावलं. एवढ्या लहान मुलाच्या पावलात हाड असं थोडंच असतं, बहुतेक कूर्चा असते, मऊ. दर आठवड्याला हाताने ते पाऊल थोडंसं बाहेर वळवायचं, वळवलं तेवढं प्लास्टरमध्ये धरून ठेवायचं, पुढच्या आठवड्यात ते काढून आणखी थोडं. असं करत करत पाऊल सरळ आणायचं. “वर्षाच्या आत जेवढं मिळेल तेवढं आपलं,” ते म्हणाले. “त्यानंतर हाड ऐकत नाही.” मुलगी सरळ चालणार की फेंगडी, हे त्या वर्षात ठरायचं होतं. नवऱ्याने घरी येऊन कॅलेंडर भिंतीवरून काढलं आणि पानं उलटत बसला.

मग दर बुधवारी प्लास्टर. प्लास्टर ऑफ पॅरिस म्हणजे भाजलेला जिप्सम, दुसरं काही नाही. दगड भट्टीत भाजला की त्याच्यातलं बरंचसं पाणी उडून जातं आणि उष्णता आत बसते. त्याची पूड पट्टीवर लावलेली असते. ती पट्टी कोमट पाण्यात बुडवून पायाला गुंडाळली की दगड आपलं पाणी परत घेतो, पुन्हा दगड होतो, आणि भट्टीत घेतलेली उष्णता सोडतो. डॉक्टर आपल्या अंगठ्याने पाऊल हव्या त्या कोनात दाबून धरत आणि पट्टी घट्ट होईपर्यंत हलत नसत. मुलगी तोवर टाहो फोडत असे. मग प्लास्टर तापू लागे. मी वरून हात ठेवे आणि ती ऊब माझ्या तळहाताला लागे, आणि त्याच वेळी मुलीचं रडणं उतरत जाई. डोळे मिटून ती चोखणी चोखल्यासारखे ओठ हलवी. पहिल्यांदा हे झालं तेव्हा मला फार आनंद झाला. वर्गात फळ्यावर लिहिते ते समीकरण माझ्या पोरीला झोपवतंय असं वाटलं. मी डॉक्टरांना ते बोलूनही दाखवलं. ते हसले आणि पुढच्या पेशंटकडे वळले.

पण ती ऊब जेमतेम पाव तास टिकायची. दगडाला लागतं त्याच्यापेक्षा पट्टीत पाणी पुष्कळ जास्त असतं. ते उरलेलं पाणी उडून जायला हवं, आणि उडायला त्याला उष्णता लागते. शास्त्राने पाहिलं तर ही अभिक्रियाही नव्हे, नुसतं बाष्पीभवन. पायाला त्याचं काय? प्लास्टर जेवढी ऊब देतं तिच्या कितीतरी पट वाळताना परत घेतं. उन्हाळ्यात ती हवेतून घेईल. चंदीगडच्या डिसेंबरात, सकाळी समोरचं घर दिसू नये असं धुकं पडलेलं असताना, ती मुलीच्या मांडीतून घेई. घरी पोचेपर्यंत प्लास्टर मडक्यासारखं गार झालेलं असे, आणि पुढे दोन-दोन दिवस तसंच ओलं राही. शेगडीजवळ धरू नका, आत चटका बसेल, असं डॉक्टरांनी बजावलेलं होतं.

यावर उपाय सासूबाईंनी काढला. त्या बाळंतपणाला अकोल्याहून आल्या होत्या आणि पायाचं समजल्यावर राहूनच गेल्या. मी कॉलेजात गेले की त्या भिंतीला टेकून बसत, लुगड्याचा पदर बाजूला करून ते ओलं प्लास्टर आपल्या उघड्या पोटाला लावत आणि वरून रजई घेत. थंडीत त्यांना तशीही हुडहुडी भरायची. नागपूर-अकोल्याच्या माणसाला ही थंडी ठाऊक नसते. मी दुपारी परत आले की त्यांचे ओठ काळे पडलेले दिसायचे आणि पोर झोपलेली असायची. “आई, तुम्ही आजारी पडाल,” मी म्हणायचे. “पोरीले गार लागते माय,” एवढंच त्या म्हणत. हे मी इथे मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण पुढे जे सांगायचं आहे त्यात त्यांची बाजू कुठे दिसणार नाही.

महिना-दोन महिने गेले आणि पाय खरोखर वळू लागला. दर मंगळवारी संध्याकाळी सासूबाई टबात कोमट पाणी घेत, त्यात मुलीचा पाय धरत आणि मऊ झालेली पट्टी उलगडून काढत. हॉस्पिटलात करवतीने प्लास्टर कापताना लहान मुलं भेदरतात, म्हणून घरूनच काढून आणायची रीत होती. पट्टी निघाली की आम्ही तिघं दिव्याखाली तो पाय पाहत असू. नवरा त्या रात्री दोन पोळ्या जास्त खायचा.

जानेवारी आला. संक्रांतीला मुलीची लूट करायची, असं सासूबाईंनी ठरवलं. बाकी महाराष्ट्रात बोरन्हाण म्हणतात, आमच्याकडे लूट. मुलाच्या पहिल्या संक्रांतीला त्याला काळं झबलं घालायचं, हलव्याचे दागिने घालायचे, पाटावर बसवून डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, शेंगा, चुरमुरे ओतायचे आणि जमलेल्या पोरांनी ते लुटायचं. चंदीगडमधली मराठी घरं तेव्हा एकमेकांना नावानिशी ओळखत. सगळी बदलीवाली, सगळी आपापल्या गावापासून लांब, त्यामुळे गावी कुणी केलं नसतं तेवढ्या कौतुकाने इथे सगळं करायची. सासूबाईंनी शेजारच्या मनीमाजरा गावच्या बाजारातून तीळ आणवले आणि मंद शेगडीवर परात ठेवून, थेंब थेंब पाक घालत, बोटांनी हलवत, काटेरी हलवा केला. त्यांची बोटं भाजून लाल झाली. त्या हलव्याचा त्यांनी मुकुट ओवला, हार ओवला, बाजूबंद ओवले. आणि पायातले वाळे ओवले. दोन.

घोडं पेंड खातं म्हणतात ते इथे. प्लास्टरवरून वाळा चढेना.

“एकाच पायात घालू या,” मी म्हणाले.

“एका पायात वाळा घालतेत का कुठी? अपशकुन हाय थो,” सासूबाई म्हणाल्या. “मंगळवारी काढाचंच हाय नं प्लास्टर. शनवारी काढलं त काय बिघडते?”

“बिघडतं. डॉक्टरांनी एक दिवसही मोकळा ठेवू नका म्हटलंय.”

“लूट एकदाच व्हते पोरीची. पाय काय कुठी पळून जाते?”

मी नवऱ्याकडे पाहिलं. तो वर्तमानपत्रात तोंड घालून बसला होता. दोन बायकांच्या भांडणात पुरुषाला जी बातमी सापडते ती त्याला सापडली होती. मी स्पष्ट नाही म्हटलं आणि विषय संपला असं धरून चालले.

शनिवारी कॉलेजातून घरी आले तर प्लास्टर काढलेलं. टबात दुधासारखं पांढरं पाणी, शेजारी पट्ट्यांचा गोळा, आणि मुलगी दोन्ही पाय हवेत मारत खिदळत होती. नवरा घरी होता, त्यानेच टब उचलून दिला होता. “हसतेय बघ कशी,” तो म्हणाला. मला संताप आला, पण ओली पट्टी परत गुंडाळता येत नाही. एकदा घट्ट झालेलं प्लास्टर पुन्हा पाण्यात बुडवून काही होत नाही. त्याने द्यायची ती उष्णता देऊन टाकलेली असते.

रविवारी माणसं जमली. सासूबाईंचा खरा हेतू मला तेव्हा कळला. अपशकुन हे निमित्त. या घरातली मुलगी वाकड्या पायाची आहे हे सगळ्यांच्या कानावर होतं, आणि त्यांना तो पाय सरळ झालेला दाखवायचा होता. त्यांनी मोजा घालू दिला नाही, दुपटं टाकू दिलं नाही. पातळ काळं झबलं, आणि खाली दोन्ही उघड्या पायांत पांढरेशुभ्र वाळे. सूर्य त्या दिवशी उगवलाच नाही. मुलं अंगणात-घरात धावत होती, दार उघडं ते उघडंच. बायका वाकवाकून पाय बघत होत्या. “छान आहे की हो पाय, उगीच काय काय ऐकलं होतं,” असं कुणीतरी म्हणालं आणि सासूबाईंचा चेहरा असा उजळला की मी राग विसरून त्यांच्याकडे पाहत राहिले. पायही पाहिला. खरंच जवळजवळ सरळ होता. तेवढा सरळ तो मला पुन्हा कधी दिसला नाही.

सोमवारी मुलगी शिंकू लागली. मंगळवारी अंग तापलं. बुधवारी आम्ही तिला प्लास्टरसाठी नेलं तेव्हा तिच्या बरगड्या श्वासागणिक आत ओढल्या जात होत्या. डॉक्टरांनी पायाकडे बघितलंदेखील नाही. छातीला कान लावला आणि थेट लहान मुलांच्या वॉर्डात पाठवलं. न्यूमोनिया होता. तिथल्या काचेच्या दाराबाहेर मी किती बसले ते आठवत नाही, आठवतं ते एवढंच की तेव्हा मला पायाची पर्वा नव्हती. ती जगू दे, लंगडी तर लंगडी, असं मी म्हणाले होते. देवाने शब्दशः ऐकलं.

ती वाचली. घरी आणली तेव्हा मी लगेच प्लास्टरचं विचारलं. डॉक्टर म्हणाले, “एवढ्यात नाही. छाती पूर्ण साफ होऊ दे, हवा जरा तापू दे. ओलं प्लास्टर अंगातली ऊब ओढून घेतं. या अवस्थेत ते तिला परवडणार नाही.” मी काय वाद घालणार? माझाच धडा ते मला वाचून दाखवत होते. नवसागराचा बीकर मुलींच्या हाती देताना मी हेच सांगत आले होते. कुणाच्या तरी अंगातूनच ते जाणार.

तोवर हाताने पाय वळवत राहा, असं त्यांनी दाखवून दिलं. आम्ही आळीपाळीने पाऊल हातात धरून बसायचो. जरा जोर लावला की ती रडायची, रडली की खोकल्याची उबळ यायची, उबळ आली की घाबरून सोडून द्यायचो. हात म्हणजे काही प्लास्टर नव्हे. त्याला पेंग येते, त्याला दया येते. रोज सकाळी दुपटं काढलं की पाऊल कालच्यापेक्षा जरासं आत गेलेलं असे. ते मला दिसे, नवऱ्याला दिसे, सासूबाईंना दिसे. धुकं काही हटेना. त्या वर्षी ते मुक्कामालाच आलं होतं. मोहरी फुलली आणि ऊन पडलं तोपर्यंत पाऊल जन्माच्या वेळी होतं तिथे परत गेलं होतं.

एकदा दुपारी सासूबाईंनी मला विचारलं, “ते गरम प्लास्टर आता काऊन लावत नाही डॉक्टर?”

“तुमच्या वाळ्यांमुळे,” मी म्हणाले. “तुम्हाला लोकांना पाय दाखवायचा होता ना? आता जन्मभर लोक पाहतील.”

त्यांनी मान खाली घातली. नवरा मला म्हणाला, तू फार बोललीस. बोलले. तेव्हा बोलले ते मी आजही मागे घेत नाही. ज्या पोटावर त्यांनी माझी पोर उबवली त्याच पोटाची माया आंधळी होती, आणि आंधळ्या मायेने जे नासलं ते नासलंच. उन्हाळा सुरू व्हायच्या आत त्या अकोल्याला निघून गेल्या.

मार्चात प्लास्टर पुन्हा सुरू झालं. आता ऊन मुबलक होतं, पट्टी बघता बघता वाळायची. वरातीमागून घोडं. मुलगी मोठी झाली होती, पाय झाडायची, टाच प्लास्टरमधून वर सरकायची. आणि पाऊल आता विरोध करत होतं. डॉक्टरांच्या कपाळावर घाम यायचा. पूर्वी जे पाऊल लोण्यासारखं वळलं होतं ते आता थोडंसं येई आणि अडून बसे. टाचेला फोड आले, ते बरे होईपर्यंत पुन्हा खंड पडला. वाढदिवस आला. वर्ष संपलं.

मी डॉक्टरांना एकदाच सरळ विचारलं. ते आठवडे गेले नसते तर पाय वाचला असता का? एक्स-रे पाकिटात परत घालत ते म्हणाले, सांगता येत नाही. काही पावलं सगळं वेळेवर करूनही परत फिरतात, हे कदाचित त्यातलं असेल. लोकांना वाटेल हे ऐकून मला बरं वाटलं असेल. उलट माझ्या हातातलं होतं नव्हतं तेही गेलं. सासूबाईंवर राग धरायला एक जागा होती, तीही आता पक्की उरली नाही. नुसतंच वाईट झालं होतं, आणि का ते कुणी सांगू शकत नव्हतं.

त्या वर्षी कॉलेजात जिप्समचा धडा आला तेव्हा मी घरून प्लास्टरचा एक जुना तुकडा नेला. खलात कुटला, चिनी मातीच्या बशीत मंद आचेवर भाजला, गार करून पाणी घातलं. तो पुन्हा घट्ट झाला, पहिल्यासारखा नाही, पण झाला. आणि तापलाही. मुलींनी हात लावून पाहिला. मी सांगितलं की हे कितीही वेळा करता येईल, दगड उष्णता घेईल आणि देईल, त्याला कंटाळा नाही. एका मुलीने विचारलं, हर रिॲक्शन उलटा हो सकता है, मॅडम? मी म्हणाले, नाही, हर एक नाही. कुठल्या होत नाहीत त्याची उदाहरणं द्यायची असतात. दूध नासणं, लाकूड जळणं. माझ्या ओठांवर तिसरंच आलं होतं, ते मी दिलं नाही.

पुढचं थोडक्यात सांगते, कारण ते सगळं एकसारखंच आहे. चालायला लागल्यावर ती पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालू लागली. पहिलं ऑपरेशन झालं, पाऊल खाली आलं पण ताठ राहिलं. मनीमाजऱ्याच्या एका मोच्याकडून डाव्या पायाचा बूट मुद्दाम उंच टाचेचा करून घ्यायचो. पाऊल उजव्यापेक्षा लहानच राहिलं, पोटरी बारीक राहिली. कुणीतरी जवळच्या खरड गावच्या हाडवैद्याचं नाव सांगितलं. मी सायन्सची बाई, तरी गेले. त्याने पाय हातात घेतला, दोनदा दाबला आणि फी न घेता परत पाठवलं. सुट्टीत अकोल्याला गेलो की सासूबाई तिचा पाय मांडीवर घेऊन तेल चोळत बसायच्या, तासन्‌तास. आमच्यात त्या गोष्टीचा पुन्हा एक शब्द निघाला नाही. मुलगी पहिलीत होती तेव्हा त्या गेल्या.

शाळेत ती हुशार निघाली. सेक्टरातल्या पोरांबरोबर राहून तिची भाषा हिंदीच झाली. मराठी सगळं समजायचं, पण उत्तर हिंदीत. खेळाच्या तासाला ती भिंतीजवळ सगळ्यांचे स्वेटर सांभाळत बसते, हे मला तिच्या बाईंकडून कळलं. घरी तिने कधी सांगितलं नव्हतं. दुसरं ऑपरेशन करू या, एवढं एक करून पाहू, असं आम्ही ठरवलं. ऐंशीच्या पुढे-मागे कधीतरी ते झालं. पुन्हा प्लास्टर, पुन्हा ते ओल्या लाकडासारखं जड पाऊल, पुन्हा वाट पाहणं. मी रोज तिला सांगायचे, या वेळी बघ, धावशील. ती मान हलवायची.

शेवटचं प्लास्टर निघालं तो दिवस सांगून संपवते. ती टेबलावर बसली होती. डॉक्टरांचे केस एव्हाना पांढरे झाले होते. त्यांनी पाय सगळ्या बाजूंनी हलवून पाहिला, म्हणजे जेवढा हलला तेवढा. मग एक्स-रे उजेडात धरला. तिच्यासमोर पायाबद्दल बोलायचं तर आम्ही मोठी माणसं नेहमी इंग्रजीत बोलत असू. तिला कळू नये म्हणून लागलेली सवय. पण त्या दिवशी त्यांना इंग्रजी कोरडं वाटलं असावं. ते खुर्ची ओढून माझ्याजवळ बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तिच्यासमोर माझ्याशी मराठीत बोलले.

“ताई, आता थांबू या,” ते म्हणाले. “आता यात करण्यासारखं काही नाही. हाड पक्कं झालंय. आणखी चिरफाड केली तर आहे तेही जाईल. ती अशीच चालणार. आपण प्रयत्न केले.”

मी मान डोलावली. गेली आठ-नऊ वर्षं मी जिची वाट पाहत होते ती गोष्ट येणार नाही, हे कुणीतरी बोलून दाखवलं होतं. डॉक्टर उठून गेले. मी तिचा बूट घेतला आणि रोजच्यासारखी खाली बसले, डावा पाय हातात घ्यायला. तो बूट घालणं अवघड असे, टाच दाबून, पाऊल तिरकं करून तो चढवावा लागे. तिला तो कधी स्वतः घालता आलेला नव्हता.

तिने पाय मागे ओढला. तिचा चेहरा शांत होता. तेव्हा माझ्या लक्षात आलं की डॉक्टरांचा शब्द न्‌ शब्द तिला कळला होता.

“रहने दो मम्मी,” ती म्हणाली. “मैं पहन लूँगी. अब तो यही पैर है ना.”

मी बूट तिच्या हातात दिला. तिला बराच वेळ लागला. नाडी सैलच बांधली. मग टेबलावरून उतरली आणि माझा हात न धरता दाराकडे चालू लागली.